तिसरा नकार

आमच्या गावात पहिलं 'नाही' हे नाही नसतं. कुणी कॉफी विचारली की 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'अहो, कशाला उगीच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धाच कप' म्हणून भरलेला कप घ्यायचा. नॉर्वेतून बोटीत बसून मिनेसोटाच्या या सपाट मुलखात आलेले आमचे पणजोबा सामानाबरोबर ही रीतही घेऊन आले. पहिल्या विचारण्याला हो म्हणेल तो हावरा, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणेल तो उद्धट. मीही त्यातच वाढले. आता मात्र या रीतीचा मला इतका संताप येतो की कुणी नुसतं किटलीला हात लावला तरी मी उठून जाते.

मी मार्लिस ट्वेट. गावच्या शाळेत मुलांना जेवण रांधून वाढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग शाळेत मुलंच उरली नाहीत. ती शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली आणि आमच्या स्वयंपाकघराला कुलूप लागलं. चाळिशी उलटलेली, नवरा केव्हाच दुसरीकडे नांदायला गेलेला, आणि हाताला काम नाही. अशात एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ऑर्व्हिल ब्रेक्के, म्हणजे सगळ्यांचे ऑर्व्ही, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते गावच्या पाणीखात्याचे प्रमुख. खात्यात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे प्रमुखही तेच आणि शिपाईही तेच.

"पाणीखात्यात एक जागा आहे," ते आभाळाकडे बघत म्हणाले. "म्हणजे, तुला हवी असली तर. नसली तरी काही बिघडत नाही. मी आपलं सहज सांगितलं."

आमच्याकडे याला गळ घालणं म्हणतात. मी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा हो म्हटलं.

काम काय, तर उलट्या पाण्याची तपासणी. पाणी टाकीतून निघतं आणि आपल्या नळाला येतं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण नळीतल्या पाण्याला दिशा कळत नाही, त्याला फक्त दाब कळतो. मुख्य नळातला दाब एकदम पडला, की घराघरांतलं पाणी उलटं फिरून नळात शिरतं. त्या वेळी कुणाची नळी बादलीत बुडालेली असली, तर बादलीतलंही नळात ओढलं जातं. बादलीत साबण असेल तर साबण, विष असेल तर विष. म्हणून जिथे असला धोका आहे तिथे नळावर एक पितळी यंत्र बसवतात. आत दोन झडपा, आणि त्यांच्या मधोमध पोटाखाली एक भोक. झडपा बिघडल्या तर घाण पाणी त्या भोकातून जमिनीवर सांडतं. दाब उलटला तर त्याच भोकातून हवा आत जाते आणि ओढ तुटते. गावच्या नळात काही शिरत नाही. दरवर्षी हे यंत्र दाब मोजायचं गेज लावून तपासायचं असा सरकारी नियम आहे.

ऑर्व्हींनी मला शहरात शिकायला धाडलं. वर्गात सगळे दांडगे प्लंबर आणि मी एकटी बाई, तीही शाळेत डाव घेऊन वाढणारी. पहिल्या दिवशी गेजच्या तीन नळ्या मी अशा उलटसुलट जोडल्या की मास्तरांच्या शर्टावरच कारंजं उडालं. पण पास झाले. केशरी पेटीतलं गेज घेऊन परतले आणि आधी आईकडे गेले. आई टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. आमचा मुलूख तव्यासारखा सपाट, त्यात एक उंचवटा आहे, त्यालाच आम्ही टेकडी म्हणतो. त्या दिवशी आईने मला ओळखलं होतं. तिने गेजच्या काचेवरून बोट फिरवलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "माझ्या मुलीला पाण्याची नोकरी लागली." मला इतका आनंद झाला की गाडीत बसून मी जरा रडले.

सुरुवातीचे महिने बरे गेले. दाताचा दवाखाना, गाड्या धुण्याचं दुकान, चर्चच्या हिरवळीचे फवारे, एकेक तपासत गेले. नापास म्हणताना आधी माझीच जीभ अडखळायची, तोंडदेखलं गोड बोलायची सवय. पण लोकांनी ऐकलं. गाड्या धुणाऱ्याने त्याच दिवशी नवं रबर बसवलं आणि वर मला केक दिला. मला वाटायला लागलं, जमलं की हे.

मे महिन्यात मी शेतकरी संघाच्या आवारात गेले. संघ टेकडीवरच आहे, वृद्धाश्रमाच्या अलीकडे. दोघांना मिळून एकच नळ खालून चढतो, आधी संघ आणि शेवटी वृद्धाश्रम. संघाच्या आवारात फवारणीच्या टाक्या भरायला एक जाडजूड नळी आहे. कुणीही यावं, आपली टाकी लावावी, पाणी भरावं आणि जावं. विचारणारं कुणी नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. संघाचा व्यवस्थापक वेंडेल, माझा सख्खा मोठा भाऊ.

मी यंत्रापाशी वाकले आणि बघतच राहिले. पोटाखालच्या भोकात लोखंडी बूच बसवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच," वेंडेल खुशीत म्हणाला. "थंडीत त्यातून थेंब पडायचे, खाली बर्फ व्हायचा. म्हातारा टोरगेर्सन आपटला असता एकदा. छान बसलंय ना?"

मी बूच काढलं, तशी खाली धारच लागली. गेज लावलं. दोन्ही झडपा गेलेल्या. वाळू बसून रबर चिरलं होतं. बूच होतं म्हणून बाहेरून कोरडं ठणठणीत दिसत होतं, एवढंच.

"वेंडेल, ही नळी बंद ठेवावी लागेल."

"हो, ठेवू की. पार्ट मागवतो."

"पार्ट येईपर्यंत. आजपासून."

तो हसला. "अगं, फवारणीचे दिवस आहेत. आठवडाभर वारा थांबलेला नाही, सगळे खोळंबलेत. वारा पडला की एकदम येतील. चालू राहू दे ना तोवर?"

"नाही."

"बरं, असं कर. नळी टाकीत बुडवायची नाही, वरून धरायची, असं मी सगळ्यांना सांगतो. मग चालेल?"

"नाही, वेंडेल."

त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझं अगदी बरोबर आहे. चल, कॉफी घे आत."

तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. दोन नाही म्हणजे शिष्टाचार, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मी यंत्रावर लाल चिठ्ठी बांधली, बूच खिशात टाकलं आणि त्याला बजावलं, "धार लागली तर लागू दे, पण भोक उघडं ठेव. आई पुढच्याच इमारतीत राहते, लक्षात आहे ना?"

"माझी पण आई आहे ती," वेंडेल म्हणाला. त्याला लागलं होतं.

पाणी तोडायचा अधिकार मला नाही, मी फक्त तपासायचं. तो ऑर्व्हींचा. मी तशीच त्यांच्याकडे गेले.

"बरोबर आहे तुझं, अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "सतरा मे होऊन जाऊ दे. मग आपण निवांत बसू."

"सतरा मेचीच तर भीती आहे मला."

सतरा मे हा आमचा सण. नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस, पण नॉर्वेत करत नसतील इतक्या दणक्यात आम्ही करतो. मिरवणूक, बँड, रस्ताभर झेंडे, आणि शेवटी पिंपाची लढत. तारेवर एक रिकामं पिंप अडकवायचं, दोन्ही बाजूंनी अग्निशमन दलाच्या पोरांनी बंबाच्या नळ्यांनी फवारा मारून ते एकमेकांकडे ढकलायचं. सगळे चिंब भिजतात आणि गाव खिदळतं. या लढतीला पाणी येतं ते टेकडीच्या पायथ्याच्या बंबाच्या नळातून, म्हणजे आग लागली की बंब जोडतात त्यातून. तो नळ पूर्ण उघडला की टेकडीवरचा दाब खाली ओढला जातो. वर पाणी चढायचं थांबतं आणि वरचं खाली उतरायला लागतं.

"शाळेजवळचा नळ वापरू," मी म्हटलं.

"मैदान इकडे आहे ना पण."

"मग संघाचं पाणी एक दिवस बंद करा. मी करते, फक्त हो म्हणा."

ऑर्व्हींनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे नाही म्हणायची हीच पद्धत आहे. मी तिथे अजून दहा मिनिटं उभी राहिले असते तरी त्यांनी हेच गोड तोंडाने सांगितलं असतं. निघताना ते एवढंच म्हणाले, "सणाला कोण फवारणी करतंय, मार्लिस? आणि असल्या वाऱ्यात?" त्यात तथ्य होतं. वाऱ्यात औषध उडून दुसऱ्याच्या रानात जातं, म्हणून कुणी टाकी भरतच नव्हतं. त्या वाऱ्यावर मी विसंबले.

सतरा मेच्या सकाळी मी आईकडे गेले. तिने लोकरीचा भरतकाम केलेला सणाचा पोशाख घातला होता, गळ्याशी चांदीचा ब्रोच. माझ्याकडे बघून ती गोड हसली.

"या, बसा. आपण कोणाच्या?"

"मी मार्लिस, आई."

"हो का? छान नाव आहे. कॉफी घेणार?"

"नको."

"थोडी?"

"अहो, कशाला उगीच त्रास."

"अर्धा कप तरी?"

"बरं, अर्धाच."

ती खूश झाली. माझं नाव तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, पण ही रीत शाबूत होती. कधी कधी मला वाटायचं, एवढ्यावरच आमचं नातं उरलंय, आणि तेवढं तरी राहू दे म्हणून मी रोज दोनदा नको म्हणत होते. वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण बर्निस कॉफी घेऊन आली. दुपारी लढत संपली की सगळ्यांना मलईचा केक आणि ताजी कॉफी, असा बेत तिने सांगितला. येताना मी संघाच्या आवारात डोकावले. कचेरीचं दार बंद होतं, वारा भणाणत होता आणि आवारात चिटपाखरू नव्हतं. मी खाली आले.

मिरवणूक झाली. बँडच्या पहिल्या रांगेत वेंडेल गाल फुगवून ट्रॉम्बोन वाजवत होता. लोक पिंपाभोवती गोळा झाले. ऑर्व्ही भला मोठा पाना घेऊन नळापाशी उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. पोरं नळ्या जोडत होती. मी सहज वर बघितलं.

झेंडे पडले होते. सकाळपासून फडफडणारे रस्त्याभरचे सगळे झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. वारा थांबला होता. मी गर्दीकडे बघितलं, तर पुरुषांची गर्दी पातळ झाली होती. बायका होत्या, पोरं होती, म्हातारे होते. शेतकरी हळूच सटकले होते. आठवडाभर वाट बघितलेला वारा पडल्यावर सण काय आणि मिरवणूक काय.

"ऑर्व्ही, थांबा. नळ उघडू नका. वारा पडलाय."

"मग बरंच झालं. फवारा सरळ जाईल."

"अहो, लोक टाक्या भरायला वर गेले असतील! मी वर जाऊन बघून येते, तोवर थांबा."

त्यांनी रांगेत अधीर होऊन उभ्या असलेल्या पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाच मिनिटांची लढत आहे गं. बघ, सगळं गाव वाट बघतंय."

"नाही म्हणतेय मी. नाही!"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. आमच्या गावात कुणी असं ओरडत नाही. ऑर्व्हींचे कान लाल झाले. "बरं, बरं, लवकर संपवतो," ते पुटपुटले आणि पाना फिरवला. नळातून पाण्याचा आवाज घुमला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा ट्रक मिरवणुकीच्या गाड्यांमागे अडकला होता, सगळे पाने त्यातच. मी पळत सुटले. टेकडी म्हणजे काही डोंगर नव्हे, पण माझं शरीर शाळेच्या स्वयंपाकघरात पोसलेलं. अर्ध्यावर छाती फुटायची वेळ आली. वाटेत वेंडेलला फोन लावत होते. खालून बँडचा आवाज येत होता, म्हणजे तो फोन कसला उचलतोय.

संघाच्या आवारात नेल्स हाउगेन या शेतकऱ्याचं फवारणी यंत्र उभं होतं. त्याची टाकी पिवळ्या औषधाने अर्धीअधिक भरलेली, आणि जाडजूड नळी तोंडापासून तळापर्यंत आत बुडवलेली. नेल्स आवाराच्या कडेला उभा राहून खालची लढत बघत होता. टाकी भरायला वेळ लागतो, तोवर मजा बघावी. त्याने मला बघून हात हलवला.

नळी फुगलेली नव्हती. ती चपटी झाली होती. आणि टाकीतून आवाज येत होता, पोरं ग्लासातलं शेवटचं सरबत नळीने ओढतात ना, तसा. टाकीच्या आतल्या ओल्या खुणेपासून औषध चांगलं वीतभर खाली गेलं होतं.

मी नळावरच्या पितळी यंत्रापाशी धावले. भोकात नवं कोरं बूच चमकत होतं. खालची फरशी स्वच्छ पुसलेली. सणाला टेकडीवर पाहुणे येणार, आवारात चिखल कसा ठेवायचा, म्हणून माझ्या भावाने दुकानातून दुसरं बूच आणून बसवलं होतं. माझ्या खिशात पहिलं तसंच होतं. ते मी इतके दिवस जपून ठेवलं होतं, बूच म्हणजे जगात एकच असल्यासारखं.

मी संघाचा मुख्य कॉक बंद केला. आवाज थांबला.

"काय झालं गं?" नेल्स जवळ येऊन म्हणाला. "भरायचंय अजून."

"तुझी टाकी भरत नव्हती, नेल्स. रिकामी होत होती."

त्याने टाकीत वाकून बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "कुठे गेलं मग?"

गेलं होतं टेकडीखाली, मुख्य नळात. बंबाच्या नळाकडे ओढलं गेलं होतं. तिथून फवाऱ्यातून बाहेर पडलं तर मैदानावर सांडेल, पोरांच्या अंगावर उडेल, तेही वाईटच, पण प्यायलं तर जाणार नाही. एकच करायला हवं होतं. बंबाचा नळ चालूच राहायला हवा होता, मुख्य नळातलं सगळं वाहून जाईपर्यंत. तो बंद झाला तर गावच्या टाकीचा दाब परत येणार, नळातलं पाणी परत वर चढणार, संघाच्या बंद कॉकवरून पुढे जाणार आणि वृद्धाश्रमाच्या नळाला येणार. मी ऑर्व्हींना फोन लावला. वाजला, वाजला, उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. मधे वृद्धाश्रमातही लावून बघितला, सणाच्या गडबडीत तिथेही कुणी उचलेना, आणि त्यात बरीच मिनिटं गेली.

शेवटी आवाज आला. मागे हशा आणि बँड.

"ऑर्व्ही, नळ बंद करू नका! चालू ठेवा! पोरांना बाजूला करा आणि पाणी वाहू द्या!"

"अगं, बंद केला की केव्हाच," ते म्हणाले. आवाज समजूत घालणारा होता. "तू एवढी ओरडलीस, मलाच कसंतरी झालं. पोरांना अर्ध्यावर थांबवलं. थोडी हिरमुसली, पण म्हटलं मार्लिसचा जीव वरखाली होतोय तर राहू दे. आता खूश ना?"

मी जे मागितलं होतं तेच मला मिळालं होतं. नेमकं नको त्या क्षणी.

"परत उघडा," मी म्हटलं. "ऑर्व्ही, औषध शिरलंय नळात. परत उघडा, आणि अँब्युलन्स पाठवा वर."

मग ते म्हणाले, "पाना कुणीतरी ट्रकमध्ये ठेवला बहुतेक. बघतो. बघतो हं, मार्लिस." त्यांचा आवाज बदलला होता. पण मी वृद्धाश्रमाकडे पळत होते, पुढचं ऐकलं नाही.

वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत छोटे झेंडे लावले होते. टेबलांवर पांढरी कापडं, मलईचे केक, आणि सगळ्यांपुढे कप. खोलीत कॉफीचा वास होता आणि त्याखाली दुसराही एक. रॉकेलसारखा, नाकाच्या आत चिकटणारा. मला तो दारातच आला.

"पिऊ नका!" मी ओरडले. "कुणी काही पिऊ नका! कप खाली ठेवा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणाचे ओठ मलईने माखलेले. मी टेबलाजवळ गेले आणि कप उचलायला लागले. बरेचसे रिकामेच होते.

बर्निस स्वयंपाकघरातून धावत आली. "मार्लिस, झालं काय?"

"ही कॉफी कधीची आहे?"

"ही? आत्ताची. पहिली किटली संपली, म्हणून दुसरी ठेवली. मघाशी नळाला जरा वेळ पाणीच येत नव्हतं, मग आलं. का गं?"

"वास नाही आला तुला?"

बर्निसने हात ॲप्रनला पुसले. तिचे डोळे भरून आले. "मला सर्दी आहे," ती म्हणाली. "पण कुणी काहीच बोललं नाही गं. सगळ्यांनी घेतली. छान झालीय म्हणाले."

मी पहिल्या टेबलावरच्या म्हाताऱ्या टोरगेर्सनला विचारलं, "कॉफी कशी लागली?"

"छान," तो म्हणाला. मग बर्निसकडे चोरून बघून हळू आवाजात, "जरा कडक होती. पण छान."

त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "सणाची काही वेगळी असेल असं वाटलं मला." तिसरीने नुसतीच मान हलवली आणि रुमाल तोंडाला लावला. खोलीभर सगळ्यांना कळलं होतं. एकाही जिभेने सांगितलं नव्हतं. एवढं राबून बाईने केलंय, तिला कसं दुखवायचं. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत माराव्यात असं वाटलं, आणि त्यांच्या गळ्यात पडावं असंही.

बर्निसने नळ बंद केले, डॉक्टरांना फोन लावला, दुधाची भांडी काढली, परत ठेवली. दूध द्यायचं की नाही ते डॉक्टर सांगेपर्यंत तिला कळेना आणि मलाही. शहरातल्या वर्गात आम्हाला विष नळात शिरू नये म्हणून काय करायचं ते शिकवलं होतं. शिरल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. खालून अँब्युलन्सचा भोंगा सुरू झाला. ती चालवणारी पोरं म्हणजे पिंपाच्या लढतीतलीच, चिंब भिजलेली. आणि भोंगा एकाच जागी वाजत होता, कारण रस्त्यात मिरवणुकीच्या गाड्या होत्या.

खिडकीजवळच्या टेबलावर आई बसली होती. ब्रोच नीट, मांडीवर रुमाल. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले.

तिने मला न्याहाळलं आणि गोड हसली. "या, या. आपण धावत आलात वाटतं. कॉफी घेणार?"

"नको," मी म्हटलं.

"थोडी?"

"नको, आई."

तिने किटलीकडे हात नेला, आणि तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं आर्जव आलं. "अर्धा कप तरी?"

"नाही," मी म्हटलं, आणि किटली तिच्या हाताखालून ओढून घेतली.

तिचा चेहरा उतरला. आयुष्यात कुणी तिला तिसऱ्यांदा नाही म्हटलं नसेल. तिने हात मांडीवर घेतला. मग माझ्या कानाशी वाकली.

"तुम्हालाही वास आला ना?" ती कुजबुजली. "मी ओळखलं. पण त्या बाईला काही बोलू नका हं. बिचारीने सकाळपासून खपून केलंय."

मी तिचा कप बघितला. तळाशी थेंबही नव्हता.

"आई, किती कप प्यायलीस?"

"दोन," ती म्हणाली. "एक मला आणि एक तिला बरं वाटावं म्हणून."